बेघर निवाऱ्याचे काम : आपल्या ट्रस्टांनी घ्यावे काय?

महापालिका शहरी बेघरांसाठी निवारा बांधते, जागा देते आणि तो चालविण्याचे काम सेवाभावी संस्थेकडे सोपविते. संस्थेने माणसे नेमावयाची, बेघरांची देखभाल करावयाची, हिसाब द्यावयाचा आणि ठरलेले अनुदान घ्यावयाचे. अशा कामासाठी वेळोवेळी जाहिरात निघते. आपल्या बिरादरीतील काही ट्रस्टचे विश्वस्त आम्हा व्यापाऱ्यांकडे येऊन विचारतात की, हे काम आपण घेतले तर चालेल काय? सवाब तर आहेच, पण पैशाचे गणित बसेल काय? या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून व्यापाऱ्याच्या नजरेने हा विषय येथे मांडत आहोत.

प्रथम हे काम आले कोठून ते पाहू. सन २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शहरातील बेघरांचा प्रश्न हाती घेतला आणि मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही बाराही महिने व चोवीस तास उघडा, असे माप ठरले. त्यानंतर सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा ही स्वतंत्र योजना होती. लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय, माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा, पन्नास माणसांच्या निवाऱ्यास चालविण्याच्या खर्चापोटी सालीना सहा लाख रुपये असे तिचे नियम होते. या रकमेत केंद्राचा वाटा पाऊण आणि राज्याचा पाव होता. पुढे २०१६ मध्ये अंमलबजावणी ढिली आहे असे दिसल्यावर न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. २०२४ मध्ये त्या अभियानाची मुदत संपली. निवाऱ्यांची गरज मात्र संपलेली नाही. तेव्हा आता जाहिरात निघाली की, पैसा कोणत्या योजनेतून, कोणत्या खात्यातून व किती वर्षांसाठी येणार आहे हे पहिल्या पानावरच शोधावे. ते स्पष्ट नसेल तर लेखी विचारावे. माल पाहण्याआधी गिऱ्हाईकाची पत पाहतो तसाच हा प्रकार आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे कोल्हापूर शहराची वस्ती ५,४९,२३६ आहे. म्हणजे त्या मापाने निदान पाच निवारे, पाचशे माणसांची सोय. लक्ष्मीपुरीत, स्टेशनच्या बाजूस किंवा महाद्वार रोडला रात्री दुकान वाढवून निघताना पायऱ्यांवर कोण कोण अंथरूण टाकते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यात हमाल असतात, हॉटेलात भांडी घासणारी पोरे असतात, मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या असतात, डोक्याने अधू झालेले असतात. आपल्या दुकानाच्या पायरीवर निजणारा माणूस आपला शेजारी ठरतो की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे काम आपल्या भागात नवे नाही. कोल्हापुरात 'एकटी' ही संस्था महापालिकेच्या सोबतीने बेघरांचा निवारा चालवीत आली आहे. सांगलीत महापालिकेचा 'सावली' निवारा इन्साफ फाउंडेशनने चालविला आहे. अर्ज करण्याआधी विश्वस्तांनी अशा ठिकाणी एक दिवस नव्हे, एक रात्र जाऊन बसावे. दिवसा निवारा रिकामा दिसतो, त्याची खरी परीक्षा रात्री अकरानंतर होते.

आणखी मागे गेले तर या शहराला बोर्डिंगची परंपरा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये मराठा व जैन बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातील ती वास्तू आपण रोज पाहतो. त्या वेळची रीत अशी होती की, दरबाराने जागा व मदत द्यावयाची आणि समाजाच्या कमिटीने कारभार पाहावयाचा. मुलाला नुसते छप्पर दिले नाही, त्याच्या शिक्षणावर, वागणुकीवर, प्रकृतीवर लक्ष ठेवले. आजच्या निवाऱ्याच्या कराराचे सार तेच आहे, फक्त दरबाराच्या जागी महापालिका आली.

छप्पर आणि त्यापुढचे काम

आपले लोक येथे एक घोटाळा करतात. निवारा म्हणजे मुसाफिरखाना असे समजतात. मुसाफिरखान्यात माणूस दोन रात्री राहून आपल्या वाटेने जातो. निवाऱ्यात राहणाऱ्याला वाटच नसते, ती शोधून देणे हे चालविणाऱ्याचे काम. त्याला ओळखपत्र मिळवून देणे, रेशनकार्ड, बँकेत खाते, दवाखाना, पेन्शन, जमले तर घरच्यांशी समेट आणि शेवटी भाड्याची खोली. अनुदान देणारा अधिकारी तपासणीला आला की खाटा मोजतो हे खरे, पण अहवालात किती लोकांना काय मिळवून दिले हेही विचारतो.

या कामाला हुन्नर लागतो. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसतो. अशा वेळी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठराविक नमुन्यात दिलेला दाखला आधार कार्डासाठी चालतो. म्हणजे तुमच्या व्यवस्थापकाच्या एका सहीवर माणसाचे सगळे पुढचे कागद उभे राहतात, म्हणून ती सही कोणालाही, कोणाच्याही शिफारशीवरून देऊ नये. मतदार यादीत नाव घालण्यासाठीही घर नसणे ही अडचण नाही. निवडणूक कर्मचारी रात्री येऊन तो माणूस खरोखर तेथे निजतो की नाही याची खात्री करतात. निराधार व्यक्तींसाठी संजय गांधी योजनेत २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज तहसीलमध्ये जातो. आजारी माणसाला सी.पी.आर. रुग्णालयात पोहोचवून केसपेपर काढावा लागतो. मनोरुग्ण असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांची जिम्मेदारी आहे, आणि आपल्या बाजूचे सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीस आहे. एवढे सगळे करणारा माणूस पगारावर हवा. मशिदीच्या मुतवल्लीने नमाजनंतर येऊन करावयाचे हे काम नाही.

येथे अमेरिकेचे एक उदाहरण सांगणे जरूर आहे. तेथे गरिबांच्या औषधपाण्यासाठी १९६५ पासून मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. माणसाला घर नसेल तर औषध लागू पडत नाही, हे ध्यानात आल्यावर काही राज्यांनी त्याच पैशातून घर शोधून देण्याच्या व ते टिकविण्याच्या सेवेला मोबदला देण्यास आरंभ केला. भाडे मात्र त्यातून सहसा मिळत नाही. पैसा मिळतो तो खोली शोधणे, घरमालकाशी बोलणे, अर्ज भरणे, भांडण मिटविणे या मेहनतीचा. मिनेसोटा राज्याने जुलै २०२० मध्ये अशी योजना सुरू केली. नोंदणी करून कोणतीही संस्था वा कंपनी पुरवठादार होऊ शके, आणि बिल पंधरा पंधरा मिनिटांच्या मापाने होई. आपण कापड मीटरने मोजतो, त्यांनी वेळ मोजला. सालीना २६ लाख डॉलर खर्च होईल असा सरकारचा अंदाज होता. २०२४ या एका वर्षात दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. न दिलेल्या सेवेची बिले लावली, असे आरोप ठेवून सप्टेंबर २०२५ मध्ये आठ जणांवर खटले भरले गेले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पासून ती योजनाच बंद झाली. ज्यांनी इमाने-इतबारे काम केले त्या संस्थांचेही काम थांबले आणि ज्या अपंग व म्हाताऱ्या माणसांना खोली शोधून देण्याचे काम चालले होते ती मध्येच राहिली.

लबाडी फक्त आपल्याकडे होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाचावे. पण आमचा मुद्दा निराळा आहे. कापड कमी भरले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडते. बेघर माणसाच्या नावावर खोटी हजेरी लावली तर तो भांडायला येत नाही, त्याला ती माहीतही नसते. ज्या धंद्यात गिऱ्हाईक एक आणि बिल भरणारा दुसरा असतो, तेथे वही हाच एकमेव साक्षीदार. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत ही देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा या विषयावर आहे, हे आपल्या विश्वस्तांना वेगळे सांगावयास नको.

कागदपत्रे

या विषयावर थोडक्यातच लिहितो, कारण प्रत्येक जाहिरातीत यादी असतेच. संस्था नोंदणीकृत हवी, सोसायटी म्हणून किंवा धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून. आपल्या अनेक जुन्या ट्रस्टांची अडचण नोंदणीची नसते, बदल अर्जाची असते. मयत झालेल्या विश्वस्तांची नावे परिशिष्ट एकवर तशीच राहिलेली असतात, नव्या कमिटीची नोंद झालेली नसते आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. नियमाने बदलाची खबर नव्वद दिवसांत द्यावयाची असते. हे काम आधी करावे, जाहिरात निघाल्यावर ते होत नाही. ट्रस्टच्या उद्देशांत समाजसेवा, निराश्रितांची मदत असे कलम आहे काय हेही पाहावे. नुसते मशिदीची देखभाल व मदरसा एवढेच लिहिलेले असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा किंवा सेवेसाठी निराळी संस्था करावी. जागा वक्फची असेल तर वक्फ मंडळाला विचारल्याशिवाय ती करारात गुंतवू नये.

तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिसाब, पॅन, आयकर खात्याकडील धर्मादाय नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण यादीतील क्रमांक बहुधा मागितले जातात. माणसे दहा झाली की ई.एस.आय. व वीस झाली की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, हे अंदाजपत्रकात धरावे.

पैशाचे गणित

आता मुख्य गोष्ट. सहा लाख रुपये ही रक्कम ऐकावयास बरी वाटते. पन्नास माणसांवर बारा महिन्यांत वाटली तर माणशी महिना एक हजार, म्हणजे रोजचे तेहतीस रुपये. आणि हा दर २०१३ च्या नियमांतला. समजा तुम्ही तीन पाळ्यांसाठी तीन काळजीवाहक प्रत्येकी बारा हजारांवर आणि एक व्यवस्थापक अठरा हजारांवर ठेवला. चोपन्न हजार तेथेच झाले. वीज-पाणी सहा हजार, साफसफाई व धुलाई आठ हजार, औषधे व रिक्षाभाडे चार हजार, सकाळचा चहा-नाष्टा आठ हजार धरले तर महिना ऐंशी हजार. अनुदान पन्नास हजार. दरमहा तीस हजारांची तूट, वर्षाची तीन लाख साठ हजार. ही तूट वर्गणीतून भरण्याची तयारी असेल तरच पुढे जावे. नव्या करारातील दर वेगळा असेल, पण हिसाब याच रीतीने मांडावा आणि पगार किमान वेतनापेक्षा खाली धरून तो जुळवू नये.

तूट एक वेळ भरून निघते. माणूस मरतो तो उधारीत. आपल्या धंद्यातही पार्टी बुडते ती नफा नसतो म्हणून नव्हे, तर पैसा वेळेवर वसूल होत नाही म्हणून. अनुदान बहुतेक वेळा खर्च झाल्यावर, तिमाही बिल व विनियोग प्रमाणपत्र दिल्यावर मिळते. तीन महिने खर्च केला, बिल दिले, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरून मंजूर होण्यास आणखी तीन महिने गेले असे धरा. पहिला पैसा हाती येईपर्यंत सहा महिन्यांचे चार लाख ऐंशी हजार रुपये तुमच्या पदरचे गुंतलेले असतात. अनुदानावर वसतिगृह चालविणारी एक संस्था आमच्या पाहण्यात आहे. तिचे बिल एकदा वर्षभर अडकले. किराणावाल्याने उधार बंद केले आणि स्वयंपाकीण गावी निघून गेली. मुले मात्र तेथेच होती.

दुसरी संस्था अशा वेळी बँकेतून कॅश क्रेडिट घेते व व्याज भरते. आपल्या ट्रस्टला ते करावयाचे नसते. तेव्हा कर्ज-ए-हसना हाच मार्ग, आणि तो अडचण आल्यावर नव्हे, अर्ज करण्याआधी ठरवावा. आमची सूचना अशी की, दहा व्यापाऱ्यांनी प्रत्येकी पन्नास हजार ठराविक मुदतीने, लेखी, परतफेडीच्या अटीवर ट्रस्टकडे ठेवावेत. देणगी नव्हे, कर्ज. अनुदान आले की त्यांना परत, पुन्हा गरज पडली की पुन्हा. पाच लाखांची ही रक्कम उभी राहत नसेल तर त्या बिरादरीने हे काम अजून घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अनामत रक्कम याच्यावर आणखी लागते, ती करार संपेपर्यंत अडकून राहते, म्हणून ती या पाच लाखांत धरू नये.

जकातीचा पैसा यात वापरावा काय, हे हमखास विचारले जाते. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गरीब व मिस्कीन आहेत, मुसाफिरही आहे. पण हनफी उलेमांच्या मते जकात ही हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, त्यामुळे इमारत, वीजबिल, पगार यांवर ती खर्च करता येत नाही. हकदार माणसाच्या हाती कपडे, औषध किंवा खोलीच्या डिपॉझिटची रक्कम देणे ही गोष्ट वेगळी. तरीही मुफ्तींकडून लेखी मसला घ्यावा. इमदाद व लिल्लाहचा पैसा पगारासाठी मोकळा असतो. दोन्हींची खाती पहिल्या दिवसापासून अलग ठेवावीत आणि सरकारी अनुदानाचे तिसरे. एकाच खात्यात तिन्ही पैसे मिसळले की ऑडिटर तर धरतोच, आणि आखिरतचा हिसाब निराळाच.

अंथरूण-पांघरूण

या विषयावर बोलण्याचा आम्हास थोडा अधिकार आहे. निविदेत 'गादी, उशी, चादर' एवढेच लिहिलेले असते आणि संस्था सर्वांत स्वस्त माल उचलते. एका खाटेमागे एक चादर घेऊन चालत नाही. एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात असा तीनाचा हिसाब धरावा, म्हणजे पन्नास खाटांना दीडशे. सोलापुरी चादर टिकाऊ खरी, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती तीन तीन दिवस वाळत नाही. पांघरायला ती ठेवावी, अंथरायला इचलकरंजीचे साधे सुती कापड साठ इंच पन्ह्याचे तागेच्या तागे घेऊन शिवून घ्यावे. तयार चादरीपेक्षा स्वस्त पडते आणि शिलाईचे काम निवाऱ्यातीलच एखाद्या बाईला देता येते. रंग फिका असावा. गडद रंगात मळ दिसत नाही म्हणून लोक तो निवडतात, आम्ही त्याच कारणासाठी तो नको म्हणतो. पॉलिएस्टर मिश्रण स्वस्त मिळते, पण ते उकळत्या पाण्यात टाकता येत नाही, आणि ढेकूण-उवांवर उकळत्या पाण्याइतके दुसरे काही चालत नाही. खरेदी आपल्याच विश्वस्ताच्या दुकानातून करू नये. भाव कमी असला तरी करू नये. तीन दुकानांचे दरपत्रक फाइलला लावावे.

सर्वांसाठी खुला

एक गोष्ट करारातही असते आणि नसली तरी पाळावयाची आहे. निवारा कोणा एका धर्माचा, जातीचा नसतो. ओळखपत्र नाही म्हणून कोणास रात्री परत पाठविता येत नाही. आपल्यातील काही मंडळी विचारतात की, आपल्या वर्गणीची तूट आपण दुसऱ्यांवर का भरावी? त्यांना एवढेच विचारावे की, २०१९ व २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरले तेव्हा ज्याला ज्याची जागा सापडली तो तेथे राहिला, त्या वेळी कोणी कोणाला जात विचारली होती काय? भिंतीवर कोणत्याही धर्माची तसबीर किंवा तुगरा नसावा, ज्याला नमाज पढावयाची त्याला कोपरा असावा आणि ज्याला हरिपाठ म्हणावयाचा त्यालाही. बायकांचा निवारा अलग आणि त्यातील नोकरही बायकाच असाव्यात. कमिटीत दोन-तीन माणसे इतर समाजाची घ्यावीत, तक्रार झाली तर तीच तुमच्या बाजूने उभी राहतात.

वह्यांपैकी रोजची हजेरी ही सर्वांत महत्त्वाची. ती रात्री दहा व पहाटे पाच अशी दोनदा घ्यावी, राहणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि खाडाखोड झाली तर तेथे व्यवस्थापकाची सही असावी. एखाद्या रात्री पन्नासपैकी एकोणीसच माणसे आली तर एकोणीसच लिहावीत, मग बिल कमी झाले तरी चालेल. राहणाऱ्या प्रत्येकाची एक फाइल असावी व तिच्यात कोणत्या तारखेस कोणता अर्ज कोठे दिला याची पोच लावावी. रोजमेळ रोजच्या रोज, व्हाउचर क्रमांकासह. मार्चअखेर आली की महापालिकेत बिलांची गर्दी उसळते, म्हणून डिसेंबरच्या तिमाहीचे बिल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आवक-जावक विभागाचा शिक्का घेऊन दाखल करावे, आणि त्या शिक्क्याची झेरॉक्स प्रत ट्रस्टच्या कपाटात ठेवावी, व्यवस्थापकाच्या घरी नव्हे.